हौद, नळ आणि चौकोन

एका हौदाला दोन नळ आहेत. पहिल्या नळाने हौद ३ तासांत भरतो, दुसऱ्याने ६ तासांत. भरलेला हौद खालच्या तोटीने ४ तासांत रिकामा होतो. दोन्ही नळ आणि तोटी एकदमच सोडली, तर रिकामा हौद किती वेळात भरेल?

हे गणित कधीच फळ्यावर लिहिले नाही असा गणिताचा शिक्षक सापडणे कठीण. (उत्तर ४ तास.) भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) याचेच भावंड आहे. चार झरे एक विहीर अनुक्रमे १ दिवसात, अर्ध्या दिवसात, दिवसाच्या तिसऱ्या भागात आणि सहाव्या भागात भरतात. चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? उत्तर, दिवसाचा बारावा भाग. म्हणजे निदान पावणेनऊशे वर्षे आपण हौदाची गणिते घालत आलो आहोत.

या सर्व गणितांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. नळाची धार कधी बदलत नाही. व्यवहारात तसे होत नाही. हौद भरत आला की घरातले कोणीतरी उठून नळ बारीक करते. पाणी खाली गेले की तोटीची धारही मंदावते. नळ हौद भरतो आणि हौदातली पातळी नळाची धार ठरवते, असे चक्र एकदा सुरू झाले की नेहमीची अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पुरत नाही. असे बरेच हौद एकमेकांना जोडलेले असतील तर मोठमोठ्या गणितज्ञांचीही लेखणी थबकते. ही गणिते यंत्राकडून करून घेण्याचा, आणि शेवटी संगणकाच्या पडद्यावर बोटाने दाबले की नवा हौद मांडला जाण्याचा इतिहास फार जुना नाही. तो शिक्षकांना ठाऊक असायला हवा असे आम्हाला वाटते. का, ते शेवटी सांगू.

साठा कोणता, प्रवाह कोणता?

आधी दोन शब्द पक्के करून घेऊ. क्षणभर सारे जग जागच्या जागी थिजले अशी कल्पना करा. त्या अवस्थेतही जे मोजता येते तो साठा. हौदातले पाणी, बँकेतली शिल्लक, वर्गाच्या पटावरची मुले, गावाची लोकसंख्या हे सगळे साठे. जग थिजल्यावर जे नाहीसे होते, ज्याच्या मापात 'दर मिनिटाला', 'दर वर्षाला' असे शब्द येतात, तो प्रवाह. नळाची धार, महिन्याचा पगार, वर्षाला होणारे जन्म हे प्रवाह.

पावसाळ्यात आपली वर्तमानपत्रे हा धडा रोज छापत असतात. धरणातला साठा टी.एम.सी.मध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत दिलेला असतो आणि दरवाजांतून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट अशा मापात. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालू राहिला की धरणातला १ टी.एम.सी. साठा कमी होतो. दोन मापांतले नाते एवढेच, पण ते आपण सहसा जोडून पाहत नाही.

साठा एका झटक्यात बदलत नाही. तो बदलायचा तर प्रवाहातूनच, आणि त्याला वेळ लागतो. ही साधी गोष्ट पुढे सर्वत्र लक्षात ठेवायची आहे.

पाण्याने चालणारे गणितयंत्र

सुरुवातीच्या एका प्रयत्नात खरोखरच हौद बांधले गेले. बिल फिलिप्स हा न्यूझीलंडमध्ये जन्मलेला इंजिनियर दुसऱ्या महायुद्धानंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होता. देशाच्या अर्थव्यवस्थेत पैसा कसा फिरतो हे दाखवण्यासाठी त्याने पारदर्शक टाक्या, नळ्या आणि झडपा जोडून पुरुषभर उंचीचे एक यंत्र तयार केले आणि १९४९ साली ते त्या संस्थेत चालवून दाखवले. रंगीत पाणी म्हणजे पैसा. कर वाढवायचा असेल तर एक झडप फिरवायची, की दुसऱ्या टाकीतली पातळी हळूहळू बदलताना दिसे. अशा यंत्रांपैकी एक आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

पण या यंत्रात आणखी एक साठा वाढवायचा म्हटले तर? नवी टाकी कापायची, चिकटवायची, नवे भोक पाडायचे, नळी बसवायची आणि कुठे गळत नाही ना ते पाहायचे. साठ्याची किंमत सुतारकामाच्या आणि प्लंबरच्या मजुरीत मोजावी लागे.

वहीच्या पानावरचा कारखाना

या शास्त्राला 'सिस्टिम डायनॅमिक्स' हे नाव मिळवून देणारा माणूस मात्र पाण्याच्या वाटेने आला नाही. जे फॉरेस्टर यांचा जन्म १९१८ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या एका गुरांच्या वाडीवर झाला. शाळेत असतानाच त्यांनी मोटारीच्या जुन्या सुट्या भागांतून वाऱ्यावर चालणारे जनित्र बनवून घरी वीज आणली. वीज अभियांत्रिकी शिकून १९३९ साली ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एम.आय.टी.त दाखल झाले. महायुद्धाच्या काळात त्यांनी रडारचे अँटेना आणि तोफांचे गाडे आपोआप नेम धरून फिरवणाऱ्या यंत्रणांवर काम केले. या यंत्रणांचा प्राण म्हणजे प्रत्याभरण. तोफ कुठे वळली आहे हे पाहून तिला आणखी किती वळवायचे हे यंत्रच ठरवते. युद्धानंतर त्यांच्या हाताखाली 'व्हर्लविंड' हा संगणक उभा राहिला, आणि त्यातूनच चुंबकीय कड्यांची स्मृती पुढे आली. पुढची कित्येक वर्षे जगभरचे संगणक या स्मृतीवर चालले.

इतके करून १९५६ साली फॉरेस्टर एम.आय.टी.च्याच व्यवस्थापन विद्यालयात गेले. तेथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या लोकांनी त्यांच्यापुढे एक कोडे ठेवले. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-तीन, चार-चार पाळ्यांत काम चाले आणि काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. बाजारातल्या तेजी-मंदीकडे बोट दाखवणे सोपे होते, पण ते कंपनीलाही पटत नव्हते.

फॉरेस्टर यांनी वहीचे एक पान घेतले आणि वर रकाने आखले: मालाचा साठा, कामगारांची संख्या, हातातल्या मागण्या. खाली एकेक आठवड्याची ओळ. कारखान्याचे अधिकारी माणसे कशी घेतात आणि कमी करतात याचे नियम विचारून घेतले. मग पहिल्या ओळीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असे पेन्सिलीने आकडे मांडत गेले. बाहेरून येणारी मागणी अगदी स्थिर धरली तरी कामगारांची संख्या वर-खाली हेलकावे खातच राहिली! दोष बाजारात नव्हता. माल कमी पडतो आहे हे कळायला वेळ, माणसे घ्यायला वेळ, त्यांच्या हातून माल बाहेर पडायला आणखी वेळ. तोवर गरजेपेक्षा जास्त माणसे घेऊन झालेली. साठ्यांना भरायला लागणारा वेळ लक्षात न घेता घेतलेल्या निर्णयांनीच हा हेलकावा जन्माला घातला होता.

येथे साठा वाढवायचा म्हणजे पानावर आणखी एक रकाना आखायचा. टाकी कापण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. पण दर आठवड्याची प्रत्येक बेरीज-वजाबाकी हातानेच करायची होती.

'एल' अक्षराची ओळ

१९५८ साली फॉरेस्टर यांना या विषयावरच्या लेखासाठी संगणकावर गणिते करून हवी होती. त्यांनी रिचर्ड बेनेट या कुशल प्रोग्रॅमरला आपली समीकरणे दिली. बेनेट म्हणाला, या एका समीकरण-संचासाठी आज्ञावली लिहिण्यापेक्षा, कोणतीही अशी समीकरणे दिली की त्यांची संगणकी भाषा आपोआप तयार करणारी आज्ञावलीच मी लिहितो. तिचे नाव 'सिंपल'. पुढे १९५९ साली फिलिस फॉक्स ही गणितज्ञ आणि अलेक्झांडर प्यू यांनी तिची सुधारित आवृत्ती 'डायनॅमो' तयार केली. बेनेटचा हट्ट हा आपल्या शास्त्राच्या वाटेवरचा एक मोठा टप्पा होता, असे फॉरेस्टर यांनी पुढे आवर्जून नोंदवले आहे.

'डायनॅमो'ची रीत शिस्तीची होती. प्रत्येक समीकरणाच्या आरंभी ते कोणत्या जातीचे आहे ते एका अक्षराने सांगायचे. 'एल' म्हणजे लेव्हल, आपला साठा. 'आर' म्हणजे रेट, आपला प्रवाह. काळाचे तीन क्षण जे, के आणि एल या अक्षरांनी दाखवत. मागचा क्षण, आताचा क्षण आणि पुढचा. साठ्याचे समीकरण नेहमी एकाच घाटाचे असे: आताचा साठा = मागचा साठा + मधला काळ × (आत येणारा प्रवाह - बाहेर जाणारा प्रवाह). हौदाचेच गणित, फक्त लहान-लहान पावले टाकत सोडवायचे. प्रत्येक साठा सुरुवातीला किती होता तेही वेगळ्या ओळीत द्यावे लागे. उत्तरे कागदावर उमटत आणि आलेखाच्या रेषाही छापील अक्षरे एकाखाली एक मांडून काढलेल्या असत.

१९६१ साली फॉरेस्टर यांचे 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' हे पुस्तक आले. त्यात आकृत्यांची भाषाही ठरली: साठ्यासाठी चौकोन, प्रवाहासाठी झडप, आणि आपल्या विचाराच्या कक्षेबाहेरून येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या गोष्टींसाठी ढग. पण चित्र कागदावर राही आणि समीकरणे संगणकात. चित्र काढून कोणी गणित सोडवू शकत नव्हते.

जगाचा हौद

या साधनाने सर्वांत मोठी झेप घेतली ती १९७० नंतर. 'क्लब ऑफ रोम' या मंडळाने मानवजातीच्या भवितव्याचा प्रश्न फॉरेस्टर यांच्यापुढे ठेवला. १९७१ सालच्या 'वर्ल्ड डायनॅमिक्स' या पुस्तकात त्यांनी सारे जग पाच साठ्यांत मांडले: लोकसंख्या, नैसर्गिक संपत्ती, भांडवल, त्यातला शेतीचा वाटा आणि प्रदूषण. पुढच्याच वर्षी डोनेला मेडोज, डेनिस मेडोज आणि सहकाऱ्यांचे 'द लिमिट्स टु ग्रोथ' आले. त्यातले अधिक तपशिलाचे प्रतिमान 'डायनॅमो'तच लिहिलेले होते. वाढ अशीच चालू राहिली तर येत्या शंभर वर्षांत ती मर्यादांवर आदळेल, असा त्याचा इशारा होता.

त्यावर जगभर वाद झाला. अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी १९७३ साली 'वर्ल्ड डायनॅमिक्स'वर कडक टीका केली. प्रत्यक्ष आकडेवारीशिवायच मापन चालले आहे, असा तिचा रोख होता. (नॉर्डहाउस यांना २०१८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.) मेडोज मंडळी म्हणत होती की आमची आकृती भविष्यकथन नाही, साठे आणि प्रवाह असे जोडलेले असतील तर व्यवस्था कोणत्या चालीने चालेल ते ती दाखवते. दोन्ही बाजूंना बळ आहे. आमच्या दृष्टीने यातला धडा असा: चौकोन काढणे आणि चौकोनात काय किती आहे ते मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि संगणक पहिल्यावरच समाधान मानतो.

पडद्यावरचा चौकोन

१९८४ साली माउस आणि चित्रे असलेला मॅकिंटॉश संगणक बाजारात आला. डार्टमथ कॉलेजात शिकवणाऱ्या बॅरी रिचमंड यांनी ती संधी ओळखली. १९८५ साली त्यांचे 'स्टेला' हे सॉफ्टवेअर आले. हे शास्त्र उरलेल्या ९८ टक्के लोकांपर्यंत न्यायचे, असा त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच संकल्प केला होता.

'स्टेला'त साठा मांडायचा कसा? पडद्यावरच्या चौकोनाच्या खुणेवर माउस दाबायचा आणि रिकाम्या जागी पुन्हा दाबायचा. चौकोन तेथे बसतो. त्याला नाव द्यायचे. प्रवाहाची खूण उचलून चौकोनापर्यंत ओढली की झडप असलेली नळी जोडली जाते; दुसऱ्या टोकाला काही नसेल तर ढग आपोआप उमटतो. चौकोनात प्रश्नचिन्ह दिसते, म्हणजे आरंभीचा आकडा अजून द्यायचा आहे. तो दिला, प्रवाहाचा नियम दिला, की साठ्याचे समीकरण सॉफ्टवेअर स्वतः लिहिते. 'डायनॅमो'त माणूस लिहीत असलेली 'एल'ची ओळ आता चित्रातून उतरू लागली.

या साधनात व्याकरणही भरलेले होते. दुसऱ्या कशापासून बाण आणून साठा थेट वर-खाली करता येत नाही. त्यासाठी नळच लावावा लागतो. साठा शून्याखाली जाऊ नये अशी खूण करता येते. गोदामातल्या पोत्यांना ती हवी; बँकेच्या खात्याला मात्र ती लावून चालणार नाही, कारण तेथे कर्ज होऊ शकते. पुढच्या आवृत्त्यांत निराळ्या जातीचे साठेही आले. त्यांतला एक सरकत्या पट्ट्यासारखा: आत शिरलेली गोष्ट ठरावीक काळाने बाहेर पडते, जशी पहिलीत आलेली मुले वर्षाने दुसरीत जातात.

१९८८ साली 'स्टेला' शाळेत पोहोचले. एम.आय.टी.तून निवृत्त झालेले गॉर्डन ब्राउन, फॉरेस्टर यांचे गुरू, यांनी ते ॲरिझोनातल्या टूसॉन शहरी ऑरेंज ग्रोव्ह शाळेतल्या फ्रँक ड्रेपर या जीवशास्त्राच्या शिक्षकाला शनिवार-रविवारपुरते वापरायला दिले. सोमवारी ड्रेपर परतले ते, मी इतके दिवस हेच शोधत होतो, असे म्हणतच. आठवीची मुले प्राण्यांची संख्या, अन्न आणि जन्म-मृत्यू यांचे चौकोन जोडू लागली. पुढे 'व्हेन्सिम', नॉर्वेतले 'पॉवरसिम' अशी भावंडे आली, आणि आज इंटरनेटवर 'इनसाइट मेकर'सारखी विनामूल्य साधनेही आहेत. टाकी, रकाना, ओळ आणि आता एक टिचकी. साठा मांडण्याची किंमत जवळजवळ शून्यावर आली.

स्वस्त झाले ते काय?

येथवरची कहाणी यशाची आहे. पण २००० साली लिंडा बूथ स्वीनी आणि जॉन स्टर्मन यांनी एम.आय.टी.च्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची एक साधी परीक्षा घेतली. एका टबमध्ये पाणी किती येते आणि किती जाते याचा आलेख द्यायचा. टबमधले पाणी कसे बदलेल ते काढा, एवढाच प्रश्न. गणित-विज्ञानात तरबेज मुले, पण बऱ्याच जणांना ते जमले नाही. दुसऱ्या एका प्रश्नात दुकानात दर मिनिटाला किती माणसे शिरली आणि किती बाहेर पडली याच्या रेषा दिल्या होत्या. दुकानात सर्वांत जास्त गर्दी केव्हा होती? ज्या क्षणी बाहेर पडणारे आत येणाऱ्यांपेक्षा जास्त होऊ लागतात, तेव्हा. पण अनेकांनी आत शिरण्याची रेषा जेथे सर्वांत उंच, तेथे बोट ठेवले. २००९ साली क्रोनिन, गोन्झालेझ आणि स्टर्मन यांनी आलेख सोपे करून, आकडे निराळ्या रीतीने मांडूनही पाहिले; चूक फारशी हटली नाही. साठ्याचा आलेख प्रवाहाच्या आलेखासारखाच दिसणार, असे आपले मन धरून चालते.

हा प्रश्न टबापुरता राहत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हा साठा आहे. औद्योगिक युगापूर्वी दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. २०२४ साली ४२०च्या वर होता. धुराड्यांतून येणारा वायू म्हणजे नळ, आणि समुद्र व वनस्पती म्हणजे तोटी. माणूस जितका वायू सोडतो त्यातला ढोबळमानाने निम्माच ही तोटी बाहेर काढते. तेव्हा नळाची धार वाढायची थांबली, किंवा थोडी कमी झाली, तरी हौद भरतच राहतो. स्टर्मन आणि बूथ स्वीनी यांच्या २००७च्या अभ्यासात सुशिक्षित प्रौढांपैकीही बहुतेकांना हे जमले नाही. उत्सर्जन स्थिर झाले की हवेतला साठाही स्थिर होईल असे त्यांनी धरले. अशी समजूत असलेला नागरिक 'अजून वेळ आहे' असे म्हणणारच. येथे चुकीची किंमत परीक्षेतल्या गुणांत मोजायची नाही.

म्हणून हा इतिहास शिक्षकांसाठी. साधनाने चौकोन काढून दिला, समीकरण लिहून दिले, आलेख रंगवून दिला. पण चौकोनात काय घालायचे, कोणती गोष्ट साठा आणि कोणती प्रवाह, हे ठरवणे ही वेगळी गोष्ट आहे. ते काम माणसाला जमायला हवे, आणि त्याची सवय लावायची जागा शाळा आहे.

त्यासाठी संगणक नसला तरी अडत नाही. फॉरेस्टर यांच्यासारखे वहीचे पान पुरते. चार रकाने आखा: मिनिट, हौदातले पाणी, आत आलेले, बाहेर गेलेले. सुरुवातीला १०० लिटर पाणी. दर मिनिटाला ५ लिटर आत येते, आणि हौदात असेल त्याच्या दहावा हिस्सा बाहेर जाते. आधी मुलांना अंदाज विचारा. हौद रिकामा होईल असे बरीच मुले सांगतील. मग हिशेब करू द्या: १००, ९५, ९०.५, ८६.४५... उतार मंदावत जातो आणि आकडा ५० च्या जवळ जाऊन ठेपतो, कारण तेथे दहावा हिस्सा बरोबर ५ होतो. पुन्हा २० लिटरपासून सुरू करा. या वेळी पाणी वर चढत ५० कडेच येईल. शेवटी मुलांना विचारा की उद्याच्या वर्तमानपत्रातल्या बातम्यांत साठे किती आणि प्रवाह किती. याद्या करून आणायला सांगा. त्यांवर वर्गात वाद होईल, आणि तो होऊ द्यावा.